वाडीला तार नको, असं मी लिहिलं होतं

तोरणा बघायचा आणि पासली गावाच्या वरची एक वाडी बघायची, एवढं ठरवून डिसेंबरात निघालो. वाडीचा फोटो ब्लॉगवर मिरवायचा होता. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत होतो. डोंगरातल्या कुठल्या वाड्यांना विजेची तार न्यायची आणि कुठं सौरदिवे द्यायचे, याचा अहवाल आम्ही केला होता. दहा-बारा घरांसाठी एवढे खांब, ट्रान्सफॉर्मर, वर दरवर्षीची दुरुस्ती. त्यापेक्षा सौरदिवे स्वस्त पडत होते. या वाडीपुढं ‘ग्रामस्थांची पसंती’ या रकान्यात मी ‘सौर’ लिहिलं. वाडीत मात्र गेलो नव्हतो.

स्वारगेटहून नसरापूरला एसटी, तिथून वेल्ह्याला शेअर जीप. माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. वेल्ह्यात पिठलं-भाकरी चांगली मिळते. एक दिवस गडावर गेला. दुसऱ्या सकाळी पासली. पुढं गाडीरस्ता नाही, कापलेल्या भातखाचरांमधून दोन तासांची चढण आहे. पाणी जवळ ठेवा.

पहिल्याच घरापुढं सौरपॅनल आडवं टाकलेलं. त्यावर मिरच्या वाळत होत्या. फोटो काढला, तेवढ्यात घरातून साठीच्या हिराबाई बाहेर आल्या.

“दिवा लागतो का, मावशी?”

“लागायचा. दोन पावसाळं. मंग बॅटरी मेली. दुरुस्तीला हितं कोन येनार?” त्यांनी कोरा चहा दिला. “आमाला दिव्यापरीस गिरण पायजे व्हती. दळण डोईवर घिऊन पासलीला उतराय लागतं. पन कुनी इचारलंच न्हाई. कागदावर लिव्हलंय म्हणं, वाडीला तार नको. तुमी पुन्याचं. कुनी लिव्हलं, ठावं हाय का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या दळणालाच निघाल्या होत्या, म्हणून बरोबर उतरलो. त्या पुढं चालत होत्या, त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच असेल, निम्म्या वाटेवर मला बोलता आलं. “मावशी, ते मी लिहिलं होतं.”

त्या थांबल्या. वळून माझ्याकडं बघत राहिल्या. मग डोक्यावरचं नाचणीचं बोचकं उतरवून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि चालू लागल्या. माझी मान आखडली, पण पासलीपर्यंत बोचकं खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर सरकारी कचेरीला पत्र लिहिलं, माझी चूक कबूल करून. उत्तर आलं, ‘सदर वाडीचे विद्युतीकरण पूर्ण झाले आहे.’ मेलेले दिवेही त्यांनी वीज म्हणून मोजले होते. मिरच्यांचा तो फोटो आहे माझ्याकडे, पण इथं लावायला हात धजत नाही.

मार्चमध्ये नवा अर्ज घेऊन परत गेलो. या वेळी घरोघरी विचारलं. हिराबाईंनी अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली.

“आता तरी तार येनार व्हय?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि शेजारणीला हाक मारली, “अगं ये, तुजा बी अंगठा दे. आवंदा इचारायला आल्यात.”

मी कागदाकडं बघत उभा राहिलो. वर मान करून त्या दोघींकडं बघणं मला जमलं नाही.