विमानाच्या पोटावरची आडवी खूण

पूर्णगडच्या धाकू मेस्त्रीला आपल्या कामाचा भारी तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला शोभायचा. पंचवीस वर्षांत त्याच्या हातच्या एकाही होडीत समुद्राचं पाणी शिरलं नव्हतं. घाई करणारं गिऱ्हाईक म्हणे, "मेस्त्री, उद्या मुहूर्त हाय." धाकू रंधा न थांबवता म्हणे, "मग मुहूर्तावर बस, होडीत बसू नको."

१९३४च्या माघात किनाऱ्याची पाहणी करायला एक विमान खाडीत उतरलं. त्याच्या खाली पत्र्याच्या दोन लांबट बंद होड्या होत्या, आणि त्यांच्या पोटात चाकंही दडवलेली. म्हणजे स्वारी पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी. गोरा वैमानिक ते नांगरून मुक्कामाला रत्नागिरीस गेला. संध्याकाळी वारा फिरला. पाहुण्याची होडी रात्री पाण्यात ठेवायची नाही, ही पूर्णगडची रीत. धाकूने आवाज दिला, तीस माणसं दोराला लागली आणि खाली तेल चोपडलेले ओंडके घालून त्यांनी विमान वाळूवर ओढलं. चाकं बाहेर काढायची कळ आत खुर्चीपाशी आहे, हे कुणाला माहीत! सकाळी वारा पडल्यावर ते परत पाण्यात लोटायला घेतलं. तेव्हा डाव्या होडीच्या पोटावर हातभर आडवा पोचा धाकूला दिसला. लाकडाच्या होडीला खाली जाड कणा असतो, सगळा भार त्यावर येतो. इथे नुसता पातळ पत्रा. धाकूने पोच्यावरून बोट फिरवलं आणि तोंड मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कामातली गोष्ट लपवली होती.

पाचव्या दिवशी विमान उतरताना डावी होडी नाकाने पाण्यात घुसली आणि सगळं धूड कलंडलं. जवळच मासे धरणाऱ्या खारव्यांनी वैमानिकाला जिवंत काढला, मोडलेल्या हातासकट. दोन दिवसांनी मुंबईहून चौकशीला वेलणकर साहेब आले. काठावर ओढून ठेवलेलं विमान त्यांनी पाहिलं आणि पोच्यावर छडी टेकवली.

"खाडीतल्या जाळ्यांचे खुंट. त्यातलाच एक लागलाय. आठवड्यात सगळे उपटायचे. तसा हुकूम निघेल."

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. खाडीत खुंट नाही म्हणजे जाळं नाही, आणि जाळं नाही म्हणजे चाळीस घरांच्या चुली बंद. सगळे धाकूकडे पाहू लागले, कारण साहेबाशी बोलायचं तर तोच. धाकू घरी आला.

त्याची बायको हौसा मासे साफ करत होती. ओढायच्या दिवशी तीही काठावर होती.

"तुमी सांगनार हाव काय?" तिने विचारलं.

"सांगितलं तर बेडी पडंल. आनि पंचवीस वर्सांचं नाव जाईल ता येगळाच."

"जाऊ दे नाव. खुंट गेले तर होडी बांधायला तुमच्याकडं येनार कोन?" ती म्हणाली आणि पुन्हा विळीवर वाकली.

धाकू तसाच उठला आणि काठावर साहेबापुढे जाऊन उभा राहिला. विळी टाकून हौसाही मागोमाग आली. "सायब, ती खून खुंटाची नाय. माजी हाय." त्याने ओंडक्यांपासून सगळं सांगितलं. "खुंट लागला असता तर इमान पुढं धावताना ओरखडा उभा ग्येला असता. ह्यो आडवा हाय. वंडक्यावर बसलेला."

"म्हणजे तुम्हीच विमान बुडवलंत!" वेलणकर कडाडले.

"पोचा माजा. बुडवलं कुनी, ता बघू या. बायांनो, घागरी आना."

धाकूची प्रत्येक होडी ही परीक्षा देऊनच पाण्यात जायची: बाहेरून पाणी आत येतं का ते पाहायचं नाही, आत पाणी भरून बाहेर येतं का ते पाहायचं. पत्र्याच्या होडीत आडव्या भिंती घालून पाच कप्पे केले होते, प्रत्येकाला वर छोटं झाकण. पोचा तिसऱ्या कप्प्याला. बायकांनी तो कप्पा काठोकाठ भरला. साहेबांनी खालून रुमाल फिरवला. कोरडा! पुन्हा फिरवला. कोरडाच.

मग धाकू नाकाकडच्या पहिल्या कप्प्याकडे वळला. त्याचं झाकण हलेना. नव्या रंगाचा थर त्यावरून सरसकट फिरला होता. पटाशी घालून त्याने ते उचकटलं. आत वीतभर उंचीवर मिठाची पांढरी रेघ होती, आणि तळाच्या सांध्यावर पोलादी खिळ्यांभोवती पत्र्याची खाऱ्या पाण्याने भुकटी झालेली. धाकूने नखाने खरवडलं तर खिळा हातात आला. तिथेच सांधा वीतभर उसवला होता.

"ही रेघ येका बुडीची नव्हं. हितं रोज थोडं थोडं पानी येत व्हतं. नाक जड झालं."

वेलणकरांनी चौकशीसाठी काठावर आणलेल्या वैमानिकाला विचारलं. गळ्यात हात बांधलेला तो माणूस खाली बघत म्हणाला, की रोज बाकीचे चार कप्पे तो उपसायचा. पहिल्याचं झाकण उघडलं नाही, म्हणून सोडून द्यायचा.

साहेबांनी ती भुकटी चिमटीत घेऊन पाहिली. मग त्यांनी हुकमाचा लिहून ठेवलेला मसुदा फाडला. पूर्णगडच्या काठावर असा गलका झाला की झोपलेली पोरं रडायला लागली. पण साहेबांनी हात वर केला.

"मेस्त्री, विमान विनापरवाना ओढलंत आणि पत्र्याला पोचा पाडलात, हे मला लिहावं लागेल. नावानिशी. सरकारी दप्तरात कायमचं राहील ते."

हौसाने पदर तोंडाशी नेला. धाकूने डोक्याचं मुंडासं नीट केलं.

"लिवा सायब. धाकू रावजी मेस्त्री. आनि म्होरं पूर्नगड लिवा, नायतर कुठला धाकू, ता कसा कळंल?"