मिस्त्रींचा रेडा

मिस्त्रींच्या हाताखाली जे टिकले ते मुळातच अबोल होते, नाहीतर तिथे येऊन अबोल झाले. गॅरेजात नियम एकच होता: विचारायचं नाही, बघायचं. एखादा नवा माणूस चुकून म्हणाला की हे आधी का काढलं, तर मिस्त्री पाना खाली ठेवायचे, बोटं एकेक करून पुसायचे आणि दारातल्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा बेताने विचारायचे, "तुला घरी कुणी बोलायला नाही का?" त्या माणसाचं तोंड त्या दिवसापुरतं बंद व्हायचं, आणि पगार हातात पडला की तो बहुधा परत यायचा नाही. मिस्त्रींना त्याचं सुखदुःख नव्हतं. बिघडलेली इंजिनं शेवटी त्यांच्याच दारात यायची. हात सोन्याचा होता, हे त्यांचे वैरीही मान्य करायचे, आणि वैऱ्यांची ददात कधी पडली नाही.

घरात दोन मुलं, थोरला आणि धाकटी. धाकटी शाळेत असतानाच बायको वारली. "सुटली बिचारी," असं शेजारीण म्हणाली, आणि मिस्त्रींच्या देखत म्हणाली.

थोरल्याला गाड्यांचं भयंकर वेड, पण हात नाही. गाडीखाली दिवा धरायला बसवला की दिवा हलायचा, आणि दिवा हलला की मिस्त्रींच्या पान्याचा टोला त्याच्या बोटांवर बसायचा. मग तो आणखीच हलायचा. धाकटीचं उलटं होतं. ती दिवा असा धरायची, की मिस्त्रींची नजर जिथे जाणार तिथे उजेड आधीच जाऊन बसलेला असायचा. लहानपणी ती उशाशी पाना घेऊन झोपायची म्हणून सगळे तिला पानाच म्हणायला लागले. मिस्त्रींना तिच्या हातातलं कळत होतं. कळल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही.

आणि रेडा. काळी, लांबलचक, दोनच दारांची, आठ सिलिंडरची जुनी गाडी. कुणीतरी ठोकून आणून टाकली, न्यायला कुणी आलंच नाही. मिस्त्रींनी ती खिळ्या-स्क्रूपर्यंत सुटी केली आणि कित्येक रात्री जागून पुन्हा उभी केली. दिवा सगळा वेळ पानाच्या हातात. रेडा पहिल्यांदा डुरकला तेव्हा गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरली आणि समोरचे निवृत्त मास्तर दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले. मिस्त्री हसले. मुलांनी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. त्या गाडीच्या चालकाच्या जागेवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. थोरला लग्नात वरातीसाठी मागायला गेला तर म्हणाले, "तुला नवरी मिळाली तेवढं पुरे नाही का?"

पाना कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. मिस्त्री बाहेर गेले होते आणि दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. मध्येच बंद पडते म्हणाले. पानाने कार्बोरेटर उतरवला, साफ केला, बसवला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. डॉक्टर तिचं कौतुक करत असतानाच मिस्त्री परतले. उभ्या उभ्या त्यांनी इंजिन ऐकलं. काम चोख झालंय हे त्यांना तिथेच कळलं, आणि ते त्यांना कळलंय हे पानाला कळलं. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "पोरीनं हात घातला वाटतं. बिघडवून ठेवलंय. थांबा, बघतो." आणि त्यांनी तो कार्बोरेटर पुन्हा उतरवला, पुन्हा तसाच्या तसा बसवला. एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही. दिवा पानाने धरला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती गॅरेजात गेली नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोनवर बसली. लोक लिफ्टमध्ये अडकले की तिला फोन करायचे. काय बिघडलंय ते तिला आवाजावरूनच कळायचं, पण तिचं काम फक्त "शांत राहा, माणूस पाठवतेय" एवढं म्हणायचं होतं.

पुढे मिस्त्रींचे गुडघे गेल्यासारखे झाले, गॅरेज बंद पडलं, आणि रेडा घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेला. आत ठेवताना मिस्त्रींनी एक काम केलं, एकट्याने, दार लावून. इंजिनात प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या खाली पेन्सिलीएवढी एक सहा बाजूंची सळई असते. ती ऑइलचा पंप फिरवते. त्यांनी ती उपसून काढली आणि बाकी सगळं होतं तसं बसवलं. सळई नसली तरी गाडी चालू होते. ऑइल मात्र वर चढत नाही, आणि लोखंडावर लोखंड घासून इंजिन थोड्याच वेळात स्वतःला खाऊन टाकतं. थोरला तेव्हा सगळीकडे सांगत सुटला होता की बाबांच्या मागे रेडा माझाच. मिस्त्रींना किल्ली लपवणं पुरेसं वाटलं नाही. माझ्याशिवाय कुणी चालवलाच, तर त्याला तो मिळता कामा नये, असा त्यांचा हिशेब. सळई चिंधीत गुंडाळून हत्यारांच्या कपाटात ठेवली, आणि हे कुणाला सांगायचं असतं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग एका सकाळी उजवी बाजू गेली, आणि बाजूबरोबर वाचा. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं समजतं. शब्द तेवढे बाहेर येणार नाहीत, लिहूनही नाहीत. थोरल्याने पानाला फोन करून सांगितलं की तुझा काही संसार नाही, तर बाबांकडे तूच राहिलेलं बरं. ती आली. भरवते, पुसते, कूस बदलते. हाताने कधी कमी केलं नाही, तोंडाने कधी जास्त बोलली नाही.

आणि एका रविवारी थोरला नवी बॅटरी, ताज्या पेट्रोलचा डबा आणि ऑइलचे कॅन घेऊन हजर झाला. वडिलांच्या खुर्चीसमोर उकिडवा बसून त्याने सांगितलं की रेडा आज नेतोय, शेड पाडून तिथे भाडेकरूला खोली काढायची आहे. मिस्त्रींच्या तोंडाची चांगली बाजू वाकडी झाली. थोरला म्हणाला, "तुम्हीही या बघायला. तुमचीच पद्धत आहे ना."

पानाने चाकांची खुर्ची ढकलत शेडमध्ये आणली. थोरल्याने फोनवर बघून बघून सगळं पाठ केलं होतं. त्याने टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, जुनं ऑइल बदललं, एअर फिल्टरमधलं उंदरांचं घरटं उपसलं. प्लग काढून आठही भोकांत थोडं थोडं ऑइल सोडलं, ते मुरू दिलं, आणि मोठा पाना लावून इंजिन आधी हाताने फिरवून पाहिलं. इंजिन अडखळत फिरलं. मिस्त्री बघत होते. पोरगं बरोबर करत होतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं बरोबर करत होतं, आणि म्हणूनच गाडी चालू होणार होती.

मिस्त्रींच्या घशातून आवाज यायला लागला. पानाने लाळ पुसली, पण तो थांबेना.

"दादा, बाबांना काहीतरी सांगायचंय."

"सांगू देत की," थोरला मान वर न करता म्हणाला. "मी काही विचारणार नाही. मला बघायला शिकवलंय."

मग त्याला काहीतरी सुचलं. आकड्याला टांगलेला दिवा काढून त्याने तो मिस्त्रींच्या डाव्या हातात दिला. "धरा. हलवायचा नाही."

मिस्त्रींनी दिवा घट्ट धरला आणि उजेड सरळ डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी टाकला. थोरला प्लग बसवत होता; तो म्हणाला इकडे धरा. उजेड हलला नाही. थोरल्याने पाना उचलला आणि खुर्चीच्या हातावर, वडिलांच्या बोटांच्या अगदी शेजारी आपटला. मारलं नाही. मारता येईल, एवढंच दाखवलं.

पण पाना त्या उजेडाकडे बघत होती. त्या हाताची भाषा तिला येत होती. सगळं लहानपण तिने तेच केलं होतं. उजेड डिस्ट्रिब्यूटरवर टेकला, तिथून उठला, भिंतीवरून सरकत हत्यारांच्या कपाटावर गेला आणि खालच्या खणावर थांबला. पुन्हा डिस्ट्रिब्यूटर. पुन्हा खण.

ती कपाटाशी गेली. खणात गंजलेले नट, तुटक्या पकडी, एक गॅसकेट. एकेक वस्तू ती उजेडात धरायची आणि उजेड नाही म्हणून डावीउजवीकडे हलायचा. मग चिंधी सापडली. तिने ती उलगडली, आणि उजेड तिच्या तळहातावर येऊन असा स्थिर झाला, जणू तिथे खिळला.

सहा बाजूंची सळई. इंजिन बांधताना तिने ती दिव्याखाली पाहिली होती, कुठे बसते तेही पाहिलं होतं. बाबांनी काय केलंय आणि आता काय होणार आहे, हे सगळं तिला एकाच वेळी कळलं. तिने मान वर केली. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी होतं आणि ते जोरजोरात मान हलवत होते: हो, हो, तीच.

"काय सापडलं?" थोरल्याने विचारलं.

पानाने सळई बोटांत एकदा फिरवली.

"काही नाही. जुनी सळई आहे कसलीतरी."

तिने सळई पुन्हा चिंधीत गुंडाळली, खणात ठेवली आणि खण कमरेने ढकलून बंद केला. मग खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली.

थोरला चालकाच्या जागेवर बसला. बसल्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसताच बसून राहिला. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलासारखा दिसायला लागला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, खोकलं, आणि मग रेडा डुरकला. पत्र्याचं छप्पर झणझणलं, ताडपत्रीवरची धूळ उडाली. थोरला खिडकीतून डोकं काढून हसत होता. मिस्त्रींच्या अंगातून एक लहर गेली. तो आवाज त्यांनीच तर घडवला होता.

लगेच वरच्या भागातून टकटक सुरू झाली. थोरला ओरडून म्हणाला की इतक्या वर्षांनी उठलाय, कुरकुरणारच. ऑइलच्या दाबाचा काटा शून्यावर होता. त्याने काचेवर टिचकी मारली आणि मीटर मेलाय म्हणाला. आवाज आवडला म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. पुन्हा दाबला.

टकटकीचं ठोक्यात रूपांतर झालं. खालून, खोलातून, कुणी आतून दार ठोठावावं तसा. मिस्त्रींनी दिवा चालकाच्या खिडकीवर मारला, थोरल्याच्या डोळ्यांत. त्याने हाताने डोळे झाकले आणि पाय तसाच ठेवला. ठोका मोठा झाला, एक करकरीत किंकाळी निघाली आणि सगळं एकाएकी बंद पडलं.

थोरल्याने किल्ली फिरवून पाहिली. नुसतं टक. पुन्हा टक. "बॅटरी बसली बहुतेक," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं नव्हतं, उलट तो खुशीत होता. खाली उतरून त्याने बायकोला फोन लावला, आवाज ऐकू आला का विचारलं, पोरांना सांगायला सांगितलं. थंड झाला की पुन्हा चालू करू, तोवर दुसरी बॅटरी आणतो, असं म्हणत तो स्कूटर घेऊन गेलासुद्धा.

शेडमध्ये दोघंच उरले. पानाने दिवा काढून घेतला. त्यासाठी वडिलांची बोटं एकेक सोडवावी लागली. मग ती त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पंपाची होती ती. ओळखली मी."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि मग एकदाच मान हलवली. बरोबर उत्तराला हलवतात तशी.

पाना सरळ उभी राहिली. तिने दिवा विझवून आकड्याला टांगला. जेवायची वेळ झाली म्हणून तिने खुर्ची घराकडे वळवली, तर मिस्त्रींनी डाव्या हाताने चाकाचा ब्रेक ओढला. तिने तो सोडला. त्यांनी पुन्हा ओढला.

"बसा मग," ती म्हणाली.

खुर्ची तिने परत गाडीकडे तोंड करून ठेवली, ब्रेक पक्का आहे ना ते तपासलं, आणि आत निघून गेली. बॉनेट उघडंच होतं. तापलेलं लोखंड आकसत होतं आणि आकसताना बारीक आवाज करत होतं, टिक, टिक. मिस्त्री मान तिरकी करून ऐकत होते. ते आवाज कशाकशाचे आहेत, हे त्यांना एकेक ओळखू येत होतं.