गुण्याबाई आणि पोट सुटलेली भिंत

काटकोन तपासायला सुतार जे हत्यार वापरतो, त्याला गुण्या म्हणतात. लग्नानंतर वर्ष उलटायच्या आत नवऱ्याने बायकोला हे नाव ठेवलं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली, तरी ही बाई बूड टेकायच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची. चादरीच्या कडा, चपलांच्या जोड्या, नवऱ्याचा भांग, काही म्हणता काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

एका बांधकाम कचेरीत नकाशे काढण्यात तिची उभी हयात गेली. तिथे या खोडीला पगार मिळायचा. गवंड्याने भिंत जरा तिरकी घेतली, की ही कागदावर ती सरळ करायची आणि मग गवंड्याला बोलावून कागदाप्रमाणे करून घ्यायची. कागद खरा, भिंत खोटी. पुढे कचेरी बंद पडली. घरात सरळ करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिने नवऱ्याला हाती घेतलं. शेवटी लेकीलाच बापाची दया आली. तिने कुठूनशी एक जाहिरात शोधून आणली. राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या इमारतींची मापं घ्यायची, नकाशे करायचे, डागडुजीला हातभार लावायचा. तीन महिन्यांची इंटर्नशिप. वयाची अट नव्हती. ती घालावी असं बहुधा कुणाला सुचलंच नसावं.

"या वयात उमेदवारी?" नवरा म्हणाला. "त्यापेक्षा निवडणुकीला उभी राहा. माझं मत पक्कं धर."

ती गेली. बाकीचे इंटर्न कॉलेजातले होते आणि पहिल्याच जेवणाला ती सगळ्यांची काकू झाली. कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम तिच्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "घर कसं असायला हवं होतं ते काढायचं नाही. आज आहे तसं काढायचं. वाकडं तर वाकडं." सगळ्यांनी माना डोलावल्या, गुण्याबाईनेही डोलावली. मान डोलवायला काय जातं?

खरं सांगायचं तर इतकी आनंदात ती कित्येक वर्षांत नव्हती. सकाळी उठून जायला एक जागा होती, पेन्सिलीला टोक काढायला कारण होतं. तीन महिने संपले की चौघांतल्या एकाला वर्षभरासाठी ठेवून घेणार, असं कळलं होतं. ती जागा तिला हवी होती. अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती. पण पोरांच्या पंगतीत बसून पान मागायची लाज वाटत होती, म्हणून ती कुणाजवळ बोलली नाही. चांगलं काम करायचं, एवढंच तिने ठरवलं.

काम होतं वनरक्षकाच्या जुन्या घराचं. उतारावर दगडी जोतं, त्यावर आडवी झोपवलेली जाडजूड तुळई, आणि तिच्यावर खांब रोवून उभी केलेली लाकडी भिंत. मागच्या बाजूची तुळई कुजून भुसा झाली होती. नवी घालायची तर लाकूड हवं, आणि उद्यानात झाडाला हात लावायची सोय नाही. वादळात आपणहून पडलेलं त्याच जातीचं एक खोड ओढ्याकाठी होतं. तेवढं वापरायची परवानगी मॅडमनी वर भांडून मिळवली होती. ते वाया गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. वरच्या साहेबांना तसंही ते घर पाडून मोकळं व्हायचं होतं.

मापं घ्यायला गुण्याबाईच्या जोडीला एक मुलगी होती. केसांना कंगवा माहीत नाही, बुटाची नाडी कायम लोंबती. गुण्याबाईने मनातल्या मनात तिचं नाव झिपरी ठेवून टाकलं. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली होती. झिपरी जागोजाग दोरीपासून भिंतीचं अंतर मोजून सांगायची आणि गुण्याबाई लिहायची.

"काकू, मधे भिंत चांगली दहा सेंटीमीटर बाहेर आलीय."

"बाहेर कशी येईल? पोट सुटलंय का तिला?"

"सुटलंय की," झिपरी हसत म्हणाली.

"अगं, टेप सैल धरला असशील. नीट धर."

झिपरीने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच सांगितलं. गुण्याबाईने लिहून घेतलं खरं, पण रात्रीपर्यंत तिला ते आकडे डाचत राहिले. नाडी बांधता येत नाही ती पोरगी टेप काय धरणार? दुसऱ्या दिवशी नकाशा काढायला बसल्यावर तिने मधले आकडे खोडले आणि भिंत सरळ ओढली. कचेरीत जन्मभर हेच केलं होतं. हाताला ते इतकं सवयीचं, की आपलं चुकतंय असं एकदाही वाटलं नाही.

नकाशा देखणा झाला. मॅडमनी तो फलकावर लावला आणि म्हणाल्या, "काकू, पुढच्या वर्षासाठी मी तुमचं नाव कळवतेय." बोलता बोलता गुण्याबाईने झिपरीच्या सैल टेपचाही उल्लेख केला. मॅडमनी झिपरीला मोजणीवरून काढून खिडक्यांचे जुने रंग खरवडायला बसवलं. त्या रात्री गुण्याबाईने नवऱ्याला फोन करून सांगितलं, की तुझा तूच स्वयंपाक करायला शीक आता.

खोड कापायच्या दिवशी सुतार नकाशा घेऊन ओढ्याकाठी गेला. खोडाला मधे बाक होता. तो तासून तुळई सरळ करायची, तशा खुणा त्याने करून ठेवल्या. इकडे भिंतीच्या तळाच्या फळ्या काढलेल्या होत्या आणि आधारावर तोललेले खांब उघडे पडले होते. गुण्याबाई कौतुकाने बघायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. खांब एका रेषेत नव्हते. मधले खांब बाहेर होते, एकामागे एक, हळूहळू वळत गेलेले. जोत्याचे दगडही त्याच वळणाने घडवलेले. भिंत खचली नव्हती की फुगली नव्हती. ज्याने घर बांधलं, त्याला वाकडं खोड मिळालं होतं आणि त्याने ते तसंच बसवून त्यावर घर उभं केलं होतं. सरळ तुळईवर मधले खांब अधांतरी लोंबकळले असते.

झिपरीचा आकडा बरोबर होता.

खालून करवत सुरू झाल्याचा आवाज आला. गप्प बसलं तर? बसवेल सुतार काहीतरी ठोकूनठाकून, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. सांगितलं तर नकाशा फलकावरून उतरणार, आणि त्याच्याबरोबर ती जागाही जाणार. एवढा विचार व्हायच्या आत ती उतारावरून धावत सुटली होती. या वयात धावणं बरं दिसत नाही, तरी धावली.

"मिस्त्री, थांबा. नकाशा चुकलाय."

सुताराने करवत थांबवली. पातं खोडाच्या सालीत शिरलं होतं, आत गेलं नव्हतं. "कुणी चुकवला, बाई?"

"मी."

मॅडमनाही तिने हेच सांगितलं. मॅडमनी खोडलेले आकडे एकेक करून वाचले. "तिने बरोबर मोजलं होतं. मग तुम्ही का खोडलंत?"

"मला भिंत सरळ हवी होती," गुण्याबाई म्हणाली. दुसरं कारण नव्हतंच.

झिपरीसमोर जाणं त्याहून अवघड गेलं. "चूक माझी होती आणि बोल तुला लागला," ती म्हणाली. झिपरीने खरवडणी खाली ठेवली, नाकावरचा रंग पुसला आणि विचारलं, "मग आता परत मोजायचं ना?" दोघींनी परत मोजलं. या खेपेला टेप गुण्याबाईने धरला आणि आकडे झिपरीने लिहिले. खोडाचा बाक तासायची गरज पडली नाही. थोडा दुरुस्त केल्यावर तो भिंतीच्या पोटाखाली बसला. सुताराने शेवटची पाचर ठोकली तेव्हा खांब कुरकुरले आणि मग गप्प झाले.

वर्षाची जागा झिपरीला मिळाली. मिळायलाच हवी होती. तरीही गुण्याबाईला वाईट वाटलं, आणि बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली.

"ठेवून घेतलं का?" दारातच नवऱ्याने विचारलं.

"मला नाही. घर राहिलं."

त्याने थट्टा केली नाही. झिपरीने निघताना दिलेली नव्या नकाशाची प्रत त्याने उलगडली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. "अगं, ही भिंत वाकडी आलीय."

"ती तशीच आहे."

दुसऱ्या दिवशी तो नकाशाला चौकट करून घेऊन आला. स्टुलावर चढून त्याने खिळा ठोकला, चौकट अडकवली आणि बायकोकडे वळून बघितलं. गुण्याबाईने नकाशातल्या वाकड्या भिंतीवरून नजर फिरवली.

"डावीकडून जरा वर घे," ती म्हणाली. "भिंत वाकडी आहे, चौकट कशाला वाकडी?"