आतोबा आणि गळ्यातली ग्रंथी

माणसाला स्वभाव असतो, ही गोष्ट आमच्या आतोबांनी कधी मान्यच केली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नाशकात शाळेत भूगोल शिकवीत आणि उरलेला वेळ सबंध गावाला ग्रंथी शिकवीत. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून त्यांना कळलं होतं, की शरीरात ठिकठिकाणी ग्रंथी असतात, त्या रक्तात आपापला रस सोडतात आणि माणूस त्या रसांच्या तालावर नाचतो. झालं, तेव्हापासून कोणाला तापट म्हणायची सोय राहिली नाही, की आळशी म्हणायची. रविवार कारंज्यावर दोन भाजीवाल्या एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात असताना हे मध्ये पडले. "बायांनो, हा राग तुमचा नव्हे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ग्रंथी बसल्यात, त्यांचा रस आहे हा." त्यातली एक म्हणाली, "मास्तर, तुमचीच टोपी लय वाकडी झालीय, ती आधी सरळ करा." माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला गेले, तर पत्रिका बाजूला सारून मुलीचा गळा चाचपू लागले. ते लग्न अर्थातच मोडलं.

जेवायला बसलं तरी तेच. भाताचा घास हातात आणि वर्णन चाललंय, की विलायतेत मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी काढून, वाळवून तिच्या गोळ्या करतात आणि त्या दिल्या की सुस्तावलेला माणूस म्हणे पळायला लागतो. आत्या पदर नाकाला लावून वाढत असे. कडक सोवळ्याची बाई ती. चातुर्मासात कांदासुद्धा घरात येऊ देत नसे.

या गृहस्थांना गावातले सगळे गळे दिसले, घरातला तेवढा दिसला नाही. आत्या वर्षभर मंदावत चालली होती. भर वैशाखात शाल पांघरून बसायची. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, चूल पेटवता पेटवता डुलकी लागायची. मी विचारलं, तर आतोबा म्हणाले, "तिचं पहिल्यापासून तसंच. स्वभावच आहे तिचा." साऱ्या नाशकात स्वभाव असलेली ती एकटीच बाई! काय बोलावं, कपाळ?

शेवटी गावात आलेले नवे डॉक्टर एकदा चहाला आले, त्यांनी स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकला आणि कप खाली ठेवून ते आत गेले. तिच्या गळ्यातली ग्रंथी झोपी गेली होती. औषध एकच, त्या गोळ्या. मुंबईहून बाटली आली, ती घेऊन आतोबा तिच्यापुढे बसले आणि चक्क खोटं बोलले.

"कसल्याशा पाल्याच्या आहेत गं."

आत्या बाटलीकडे बघत सावकाश म्हणाली, "मेंढीच्या ना? तुम्हीच सांगितलंत की जेवताना."

मग त्यांनी काय नाही केलं? शास्त्रीबुवांना घरी आणलं, औषधाला दोष नाही असं त्यांच्या तोंडून वदवलं, शेवटी तिचे पाय धरले. "जन्मभर नेमानं गोदागंगेत न्हाले, ती शेवटी मेंढी खायला?" एवढंच ती म्हणे आणि कूस बदले. त्या थंडीत ती गेली. ती बाटली आठवली की मला अजून चीड येते, आणि कोणावर यावी तेच कळत नाही.

त्यानंतर आतोबांनी ग्रंथीचं नाव काढलं नाही. परवा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, समोर दूधवाला कोणाशी तरी तावातावाने भांडत होता. त्यांना बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "आतोबा, ही कुठली ग्रंथी म्हणायची?"

त्यांनी आत्याची शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"असू दे रे," ते म्हणाले. "स्वभाव असतो एकेकाचा."