वीतभर सूत

बेळगावच्या बसस्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि आई अजून बोचकी बांधत होती. वाकळ, शेंगाचटणीचा डबा, दोन ताटं, दोन तांबे, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेली टॉवेल-टोपी, आणि 'लागंल की' एवढ्याच कारणासाठी घेतलेली प्लॅस्टिकची बादली. बादली! पुण्यात बादली मिळत नाही असं तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मी सगळं परत तिच्या हातात कोंबलं, सॅक पाठीला लावली आणि म्हटलं, "मला कायबी नको."

"लई शाणी झालीस गं," आई म्हणाली. "रिकाम्या हातानं कोण घर सोडतंय काय?"

आप्पा, माझे वडील, थोडे मागं उभे होते. गाडी हलताना खिडकीशी आले आणि म्हणाले, "असू दे. वज्जं कमी असलं की परत येताना हात मोकळं ऱ्हातात."

मला वाटलं, आप्पा माझ्या बाजूचे! निपाणी येईपर्यंत मी मोबाइलवर पत्रक लिहून टाकलं: 'वस्तू सोडा, मोकळे व्हा!' कॉलेजात असताना मी प्लॅस्टिकविरुद्ध पत्रकं वाटली, आहेराविरुद्ध वाटली, तीही मराठी आणि कन्नड दोन्हीत. उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवायला मला अजून नीट जमत नाही.

हे मी बेळगावच्या शहापुरात राहिलेल्या माझ्या लोकांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे पुण्या-बंगळुरूला गेलेत त्यांच्यासाठीही. दोघांवर माझा सारखाच राग आहे. आधी गेलेल्यांचं बोलू.

पुण्यात मला एक गट मिळाला. साधं राहा, कमी घ्या, आहे ते जपून वापरा, हा त्यांचा विचार. मला तो तेव्हा पटला, आजही पटतो. पण माणसं! एका बाईंनी घरातले सगळे जुने डबे देऊन टाकले आणि एकसारख्या काचेच्या बरण्या मागवल्या. बांबूचे चमचे मागवले. ते ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आले ती खोकी ठेवायला एक कपाट घेतलं. दुसऱ्या एकांनी भिंतीचा रंग बदलून फिका केला, कारण मोकळेपणा गडद रंगात दिसत नाही म्हणे. 'मी आज काय विकत घेतलं नाही' हे लिहायला आखीव-रेखीव वही बाजारात मिळते आणि ती वही लोक विकत घेतात! शिबिराला फी असते. शिबिराच्या शेवटी कापडी पिशवी भेट मिळते. माझ्याकडे अशा पिशव्यांची एक पिशवी झाली आहे.

माझ्या आईकडे चार साड्या आहेत. दोन रोजच्या, एक देवळाची, एक लग्नाकार्याची. तिनं उभं आयुष्य साड्या विणणाऱ्या घरात काढलं, मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, घड्या घातल्या, आणि त्या साड्या दुसऱ्यांच्या कपाटात गेल्या. तिला कुणी मिनिमलिस्ट म्हणत नाही. तिला गरीब म्हणतात. आणि ज्यांच्या कपाटात त्या गेल्या, त्या बायका आमच्या शिबिरात येऊन तीन पोती साड्या काढतात आणि टाळ्या घेतात. मी त्या टाळ्या वाजवल्या आहेत. लाज वाटते.

आता राहिलेल्यांचं. शहापुरात बोळ एवढा अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावावी लागते, आणि त्याच बोळात आता दिवसभर पार्सलवाले. प्रत्येक घरात एक कपाट ब्लाऊजपीसचं. ते शिवायचे नसतात. या लग्नात आलेले त्या लग्नात द्यायचे असतात. एकदा आईनं दिलेला पीस दोन वर्षांनी आमच्याच घरी परत आला, घडीतल्या हळदीच्या डागासकट. माझा मोठा भाऊ, अण्णा, पिरनवाडीला नवं घर बांधून राहतो. त्याच्याकडे दोन सोफे आहेत आणि दोन्हींवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. काचेच्या कपाटात डिनर सेट आहे. आम्ही जेवतो स्टीलच्या ताटात.

"वापर की रं तो," मी म्हटलं.

"वापरायचा न्हाय गं त्यो," अण्णा म्हणाला. "ठेवायचा हाय."

एवढं ऐकल्यावर दसऱ्याच्या आधी मी घरी आले ती बाह्या सारूनच. आई गुंजीला मावशीकडं गेली होती. आप्पा शेजारच्या वडगावला सावकाराकडं. आमच्यात सावकार म्हणजे जो सूत देतो आणि विणलेल्या साड्या घेऊन जातो तो. त्यानं उन्हाळ्यापासून आप्पांना बीम दिलं नव्हतं, म्हणजे साडीचं उभं सूत गुंडाळलेला तो मोठा रूळ. बीम नाही म्हणून आमचा माग बंद. आमच्या बोळातले बाकीचे माग एकेक करून भंगारात वजनावर गेले होते. आमचा एकटा उरला होता, आणि अण्णा त्याच्यावर डोळा ठेवून होता.

मी माळा रिकामा केला. गंजलेले डबे, फुटक्या बादल्या (व्हय, ती बादलीसुद्धा, तिला तडा गेला होता), ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या. पोती भरली आणि मागापाशी आले. मागावर धूळ होती, आणि मागच्या बाजूला जुन्या सुताची टोकं झुबक्याझुबक्यानं लोंबत होती. वीतभर लांब, काळपट, कोळिष्टकं धरलेली. मी कात्री घेतली, कापली, उरलेली पलीकडून ओढून काढली, झाडली, पोत्यात भरली. माग पुसून लख्ख केला. फोटो काढला आणि गटावर टाकला: 'आधी' आणि 'नंतर'. बदाम आले, टाळ्या आल्या.

संध्याकाळच्या आत आप्पा आले. मागं हातगाडीवर बीम. चेहरा असा की जणू गाडीवर नवरदेव बसलाय. सावकारानं दिवाळीची ऑर्डर दिली होती, पण एका अटीवर: सोमवारी माग चालू दिसला पाहिजे, नाहीतर बीम परत न्यायला माणूस येईल. आणि आप्पांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, हे बीम परत गेलं तर माग विकायचा.

आप्पांनी मागाकडं बघितलं. मग खाली वाकून मागून बघितलं. मग माझ्याकडं.

"टोकं कुठं हाईत?"

"कसली टोकं? त्या चिंध्या? त्या मी..."

ते खाली बसले.

आता हे ऐका, म्हणजे मी काय केलं ते कळेल. मागाला फणी असते, लोखंडी पट्ट्यांचा मोठा कंगवाच. तिच्यामागं वही असते, म्हणजे प्रत्येक सुताला वर-खाली करणारे दोरे, प्रत्येकाला मधोमध डोळा. साडीचं एकेक सूत त्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओवावं लागतं. हजारांनी सुतं. म्हणून बीम संपलं की विणकर सगळं सूत कधीच काढत नाही. वीतभर ओवलेलं तसंच सोडतो. नवं बीम आलं की नव्याचं टोक जुन्याच्या टोकाला पिळून जोडायचं, एकेक करून, आणि जुन्यानं नव्याला ओढून न्यायचं. ती वीतभर टोकं नसली तर सगळं पहिल्यापासून ओवा. त्याला वहिफणी म्हणतात. ती करणारी माणसं आता वडगावात शोधावी लागतात, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांचे पायच धरावे लागतात.

हे मला, विणकराच्या पोरीला, माहीत नव्हतं? ताण्याच्या सुताखाली बसून मी पाढे पाठ केलेत! पण घरात एकच वाक्य होतं: "मागाला हात लावायचा न्हाय. शीक आणि भाईर पड." मी शिकले. बाहेर पडले. आणि बाहेरून परत येऊन कचरा ओळखायला लागले.

दुसऱ्या दिवशी आई गुंजीहून आली. "पत्रकं लिवतीस न्हवं?" ती कडाडली. "लिव की आता! सोच्छ केलं म्हणून लिव!" मागोमाग अण्णा आला, त्याला तर आनंदच. "बरं झालं की. भंगारवाल्याला सांगतो. हितं एक दिवाण झक्क बसतोय."

आप्पा पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "दिवाण घालायला तुझं पिरनवाडीचं घर हाय. हितं माग हाय." आणि मला म्हणाले, "मागनं बस. माणूस मिळत न्हाय. तू सूत दे, मी वडतो."

त्याच वेळी फोन वाजला. गटाच्या मेघनाताई. रविवारी शिबिरात माझं भाषण होतं, विषय 'सोडायला शिका'. मी येत नाही म्हटलं, कारण सांगितलं. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "पण बघ ना, माग विकणं हेही एक प्रकारे 'लेटिंग गो'च आहे. वडिलांना किती हलकं वाटेल!" मी फोन ठेवला. मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

तर मी मागाच्या मागं पाटावर, आप्पा पुढं. मी बिमावरचं एक सूत सुटं करून वहीच्या डोळ्याशी धरायचं, आप्पांनी पलीकडून आकडी घालून ओढायचं. "दे." "घे." "दे." "घे." पाठ मोडली, डोळ्यांतून पाणी आलं. एकदा घाईत दोन सुतं दिली.

"एक," आप्पा म्हणाले. "पत्रकात काय लिवतीस, कमी घ्या म्हणून? मग एकच दे की."

आई कांडी भरता भरता फस्सकन हसली. मग तीही आली, माझ्या शेजारी बसली आणि सुतं सुटी करायला लागली. मी हळूच विचारलं, माळ्यावरचं सामान पोत्यांतून परत काढू काय?

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला तरी कुठं हवं हुतं त्ये? लोक देत्यात म्हणून ठिवलं. न्हेऊन टाक एकदाचं."

म्हणजे जे मी पोती भरभरून बाहेर काढलं होतं त्याची कुणाला किंमत नव्हती, आणि जे डोळे झाकून कापलं तेवढंच एक ठेवायचं होतं! माझा राग आता नेमका कुणावर काढू ते सांगा.

सोमवारी सकाळी सावकाराचा माणूस आला तेव्हा आप्पा शेवटच्या फटी भरत होते. तो दारात उभा राहिला. आप्पांनी वर न बघता आईला सांगितलं, "च्या दे त्याला." त्याचा चहा संपायच्या आत माग चालू झाला. खडाखड, खडाखड, भांडी हलवणारा तोच जुना आवाज. तो माणूस म्हणाला, "चाललंय की," आणि कप ठेवून गेला.

मी त्याच दुपारी निघाले. आप्पा बसस्टँडवर आले नाहीत. माग सोडून कसे येणार? आई बोळाच्या तोंडापर्यंत आली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. उघडलं तर घरची कात्री.

"बादली नगो म्हणालतीस," ती म्हणाली. "ही तर ने. ही आमच्यात नगो."

पुण्यात आल्यावर मी नवं पत्रक लिहिलं. 'टाकण्याआधी विचारा, याला पुढं काय जोडायचं आहे.' गटानं ते छापलं नाही. लांब झालं म्हणाले, आणि जोर नाही. बरोबर आहे, उद्गारचिन्ह नव्हतं. तरी मी ते छापून घेतलं आणि वाटते आहे. ज्यांना कपाट रिकामं करायचंय त्यांनी जरूर करा, पुठ्ठ्याची खोकी आधी काढा. फक्त कात्री हातात घेण्याआधी घरात कुणाला तरी विचारा.

घर म्हणजे काय, हे मला आता मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. एवढंच सांगते. बीम संपलं की आप्पांचा फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "वीतभर ठिवलंय. जोडायला येतीस काय? येताना कात्री आणू नगो."

मी सॅक पाठीला लावते आणि निघते. हात मोकळे असतात. जोडायला दोन्ही लागतात.