आपोआप पुढचा भाग

वायरकाका कुणाच्या घरी इंटरनेटवरच्या टीव्हीचा नवा बॉक्स बसवायला गेले की आधी पाणी मागायचे, मग टीव्हीच्या मागे डोकं घालायचे आणि तिथूनच भाषण सुरू करायचे. "आधी चांगलं सांगतो, मग वाईट सांगतो. मध्ये बोलायचं नाही." समोर फक्त त्यांची पाठ दिसायची, त्यामुळे माणसं निमूट ऐकून घ्यायची.

चांगलं असं की गच्चीवरची डिशची थाळी गेली, ढग आले म्हणून चित्र जायची भानगड मिटली. फोन आला तर थांबवा, झोप लागली तर मागे न्या. चुकलेलं काही चुकत नाही. आणि वाईट? "इंटरनेट गेलं की हा टीव्ही म्हणजे भिंतीला टेकवलेला पाट. दर कार्यक्रमवाल्याची वर्गणी वेगळी. रिमोटवर आकडे नाहीत, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पंचाईत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अहो, हा संपतच नाही! एक भाग झाला की दुसरा आपोआप लावतो. पोरांच्या परीक्षा असतील तर आत्ताच सांगा, ती सोय बंद करून देतो."

कंपनीच्या साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी चांगली कानउघाडणी केली. "तुम्ही बॉक्स बसवायला जाता की मोडायला?" काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तेच भाषण पुन्हा ठोकलं. तीस वर्षं या माणसानं खांबावर चढून, गच्च्यांवरून उड्या मारून घराघरांत केबल नेली होती. नाव पडलं ते त्यातूनच. पुढे केबलचे दिवस फिरले आणि त्याच हातांनी ते आपल्याच वायरी उतरवून साबणाच्या वडीएवढे काळे बॉक्स बसवायला लागले. वाईट वाटायचं, पण पोट तर भरायला हवं ना.

सगळ्या वस्तीत एकाच घरी बॉक्स नव्हता. वायरकाकांच्या.

कारण काकू. काकूंचा अख्खा दिवस टीव्हीवर टांगलेला असायचा. सकाळच्या बातम्या त्या स्वयंपाक करता करता नुसत्या ऐकायच्या. एकचा पाककृतींचा कार्यक्रम संपला की जेवण. तीनच्या बातम्या संपल्या की रक्तदाबाची गोळी. सातला मालिका. एक नियम त्यांनी लग्नानंतर कधीतरी स्वतःला घालून घेतला होता: संपल्याशिवाय उठायचं नाही आणि संपल्यावर बसायचं नाही. लेक लहान असताना हट्ट करायची, आई, अजून थोडं बघू दे ना. काकू टीव्ही बंद करून पदर खोचायच्या. "संपलं. उठा आता." त्यांच्या घरात कधी जेवायला उशीर झाला नाही.

सातच्या मालिकेला वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई विणकाम घेऊन खाली उतरायच्या. निवृत्त झाल्या होत्या, एकट्या होत्या, आणि तोंडाच्या तर अशा फटकळ की डॉक्टरसुद्धा वचकून असायचे म्हणे. मालिकेतली एक जाऊ फार कपटी होती. ती दिसली रे दिसली की नर्सबाई म्हणायच्या, "हिला माझ्या वॉर्डात पाठवा, दोन दिवसांत सरळ करते." काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. आठ वर्षं हे चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी काकू विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग भाजीतलं मीठ, मग लेकीच्या नवऱ्याचं नाव. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "हे परत फिरणारं नाही. पण सावकाश जाईल. त्यांचा दिनक्रम मात्र मोडू नका." वायरकाकांनी ते वाक्य मनात कोरून ठेवलं. आणि खरं सांगायचं तर टीव्हीनंच त्या बाईला सांभाळलं होतं. आज वार कुठला, हे काकू विसरल्या. पण तीनच्या बातम्या संपल्या की हात गोळ्यांच्या डबीकडे जायचाच. सात वाजत आले की दाराकडे बघायच्या, कारण मालिका सुरू व्हायच्या आत हे कामावरून येतात, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. आणि काकाही यायचे. कितीही काम असो, सातच्या आत दारात. तेवढं एक त्यांनी धरून ठेवलं होतं: काकूंनी सगळं विसरावं, पण दार उघडल्यावर आपल्याला ओळखावं.

आणि मग वाहिनीवाल्यांनी मालिका बंद केली. शेवटचा भाग झाला, सगळ्यांनी हात जोडले, दुसऱ्या दिवशी सातला नाचाची स्पर्धा. कुणाचं काय बिघडलं? काकूंचं बिघडलं. रोज सातला त्या खुर्चीत बसायच्या आणि नाचणाऱ्या पोरींकडे भेदरून बघायच्या. "अहो, आपली माणसं कुठं गेली हो?" एकदा, दोनदा, तासभर. नर्सबाईंनी समजावलं, काकांनी समजावलं. आठव्या दिवशी काकू रडल्या. घरातलं कुणी गेल्यावर रडावं तशा रडल्या.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही गावभर बॉक्स वाटत फिरता, आणि आईला तेवढा द्यायचा राहिलाय. त्यात ती मालिका पहिल्यापासून आहे सगळी."

खरं होतं. दोन हजारांच्या वर भाग होते. बायकोची हरवलेली माणसं आपल्या पिशवीत आहेत म्हटल्यावर कोण थांबेल? वायरकाकांनी त्याच संध्याकाळी बॉक्स बसवला. या वेळी भाषण केलं नाही. पहिला भाग लागला, शाळेत जाणारी दोन वेण्यांची नायिका दिसली, आणि काकू खुर्चीत पुढे सरकून म्हणाल्या, "अगं बाई, आली! केवढीशी झालीये!" काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले. पुढचे बारा दिवस रोज सातला एक भाग, नर्सबाई, विणकाम, कपटी जाऊ. काकूंचं खाणं सुधारलं. एकदा तर त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही बारीक झालात हो." वायरकाका त्यावर दोन दिवस नुसते तरंगत होते.

घोळ झाला तो दिवसा. केबल आता काढलीच होती. बॉक्सवर दिवसाच्या बातम्या लावून ठेवल्या तर तो दोन-तीन तासांनी थांबायचा आणि पडद्यावर विचारायचा: अजून पाहताय का? काकू मोठ्यांदा उत्तर द्यायच्या, "हो हो, पाहतेय की!" बॉक्सला काय त्याचं. तो तसाच गप्प. मग काकूंना वाटायचं, कुणीतरी आपल्याला विचारलं आणि आपलं काहीतरी चुकलं. त्या घाबरून बसायच्या. तरी वर नर्सबाई असायच्या. हाक मारली की येऊन बटण दाबायच्या.

त्या मंगळवारी नर्सबाई भावाकडे गेल्या होत्या. काकांना लांबच्या एका इमारतीत सोळा घरांचं काम होतं. साहेबांनी बजावलं होतं, दांडी चालणार नाही. दोनपर्यंत परत येऊ, असा काकांचा हिशेब. टेबलावर ताट झाकून ठेवलं. गोळी वाटीत काढून ठेवली. राहिला तो बॉक्सचा प्रश्न. तर त्यावर त्यांच्याकडे तोडगा होता. आत खोल कुठेतरी, साध्या माणसाला सापडणार नाही अशा जागी, ते विचारणं बंद करायची सोय असते. काकांनी ते बंद केलं. मग "आपोआप पुढचा भाग" चालू केलं. काकूंना बातम्यांपेक्षा मालिका आवडेल म्हणून मालिकाच लावली. दुसऱ्यांच्या घरी जे बंद करून देत होते, ते आपल्या घरी चालू केलं, आणि वर आपलं कसब घरी कामाला आलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नऊ वाजता ते निघाले.

तिथं लाइनच खराब निघाली. दोनचे चार झाले. एक वाजता त्यांनी घरी फोन केला होता, वाजत राहिला. झोपली असेल, म्हणाले. चारला पुन्हा केला, तोही वाजत राहिला. मग मात्र हत्यारं तिथंच टाकली आणि मिळेल त्या वाहनानं निघाले. पोचायला साडेपाच वाजले.

दारातूनच मालिकेचं संगीत ऐकू आलं. काकू खुर्चीत होत्या. सकाळी बसल्या होत्या तशाच. ताट झाकलेलं होतं. गोळी वाटीत होती. खुर्ची ओली होती, खाली फरशी ओली होती, ओठांना कोरड पडून पापुद्रे आले होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. आणि डोळे पडद्यावर.

"अगं, उठली का नाहीस? जेवली का नाहीस?"

काकू काकुळतीला येऊन म्हणाल्या, "संपतच नाहीये हो. संपली की उठते."

साडेआठ तास त्या बाईनं भूक दाबली, तहान दाबली, लघवी दाबली आणि शेवटी ती दाबता आली नाही म्हणून एकटी बसून लाजली. का? तर संपल्याशिवाय उठायचं नाही. आणि ज्यानं ते कधी संपू नये अशी व्यवस्था केली, तो माणूस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिचे पाय चोळत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. ताप, संसर्ग, सलाईन. नर्सबाई भावाकडून धावत आल्या आणि व्हरांड्यातच त्यांनी काकांना फैलावर घेतलं. "भाऊजी, सगळ्या जगाला सांगत फिरता ना, हा संपत नाही म्हणून? मग?" लेक आली ती मात्र काकांच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

ताप उतरला. शरीर सुधारलं. पण काकू त्या मंगळवारातून पूर्ण बाहेर आल्याच नाहीत. लेकीकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "तुमची आई नाही का आली बरोबर?"

एका दिवसात ती पोटच्या लेकीला कशी विसरली, याचा काकांना काही केल्या उलगडा होईना. शेवटी एका दुपारी त्यांनी बॉक्स लावून पाहिला. पाहिलेल्या भागांपुढे खूण असते. त्या दिवसाचे पंचवीस भाग. ते एकेक लावत गेले. त्यातल्या अठराव्या भागाच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर तीन सेकंद अक्षरं आली: वीस वर्षांनंतर. आणि दोन वेण्यांची पोर अंबाडा घातलेली मोठी बाई होऊन दारात उभी राहिली. तिचा बाप भिंतीवर, फोटोत. वाहिनीवर ती वीस वर्षांची उडी आली होती तेव्हा नर्सबाई आणि काकू आठवडाभर त्यावर बोलल्या होत्या. या वेळी बोलायला कुणी नव्हतं.

वायरकाकांनी नोकरी सोडली. साहेब म्हणाले, रजा घ्या; काका म्हणाले, नको. बॉक्स काढला, टीव्हीवर जुनी चादर टाकली. तीनला गोळी, एकला जेवण, सगळं स्वतः सांगून करायला लागले. काकू ऐकायच्या. शहाण्या पाहुणीसारखं सगळं ऐकायच्या आणि प्रत्येक वेळी आभार मानायच्या. त्या आभारांनी त्यांचं काळीज चिरत जायचं.

महिना झाला असेल. संध्याकाळची वेळ होती. काका समोरच्या स्टुलावर बसून काकूंच्या पायाला तेल लावत होते. काकूंनी पाय अलगद मागे घेतला, अवघडून हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या हो. तुम्ही कशाला? आमचे हे येतीलच आता."

काकांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "कुठं गेलेत?"

"कामाला. सकाळी गेलेत." काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "वीस वर्षं झाली."

"मग तुम्ही शोधायला नाही गेलात?"

"जाऊ कशी?" काकूंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्या पुढे वाकल्या, आवाज खाली आणून विश्वासात घेतल्यासारखं सांगायला लागल्या. "जाताना बजावून गेलेत ना. म्हणाले, रिमोटला हात लावू नकोस, मी येईपर्यंत नुसती बघत बस." हे काकांनी त्या मंगळवारी खरंच म्हटलं होतं. दारात, चपला घालता घालता. "तुमची त्यांची गाठ पडली ना कुठं, तर एवढं सांगाल का? मी कशालाही हात लावला नाही म्हणावं. बघत बसले होते. शेवटपर्यंत."

काकू उत्तराची वाट बघत होत्या, चेहऱ्यावर काळजी होती, हा माणूस निरोप विसरणार तर नाही ना अशी. शेवटी वायरकाकांनी तेलाचे हात आपल्याच शर्टाला पुसले, उभे राहिले, आणि परक्या माणसानं म्हणावं तसं म्हणाले, "सांगतो, वहिनी."