सरजाची पहिली आरोळी

वालुरात एके साली आवई उठली, सटवाजी धनगराच्या भागुबाईला बाधा झालीय, दिवसभर मेंढरांशी गप्पा हाणते. असलं ऐकून घरात बसणं माझ्या स्वभावात नाही. गेलो ओढ्यापर्यंत मागोमाग. बाई बोलत होती खरी, पण पाठीला बांधलेल्या पोरीशी. "ही बाभळ. ह्यो तिचा काटा. ही आपली बांडी मेंढी, लय आगाऊ."

बाधाबिधा काही नव्हती. पोरगी सरजा सातव्या महिन्यातच जन्मली आणि औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत वाढली. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: अशी लेकरं कधीकधी उशिरा बोलतात, तिच्याशी बोलत राहा, कान तपासायला परत आणा. दिलेल्या तारखेला नेमका नामांतराचा बंद, एसट्या जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात नेली. कान शाबूत निघाले.

तीन वर्षं सरली, पोरगी गप्पच. आजी कासाबाईनं वाचा फुटावी म्हणून पोपटाचे उष्टे पेरू चारले. पोरीचे गाल वर आले, शब्द काही आला नाही. मग आजीनं निकाल दिला, "मुकी हाय. उद्यापासून पोर माझ्यापाशी ठिव, अन् तू गुमान मेंढरं राख."

आजीपाशी पोर राहिली म्हणजे दिवसभर तिच्याशी कोण बोलणार? भागुबाई त्या दिवशी जास्तच बोलली.

दुसऱ्या दिवशीही तिनं पोर रानात नेलीच, तशी कासाबाई पोरीला न्यायला मागोमाग आली. माझ्या ज्वारीच्या काळजीनं मीही बांधावर होतो. भागुबाई खाली बसून पायातला काटा काढत होती, तेवढ्यात बांडी ज्वारीकडं वळली, मागं सगळा कळप. बांधावरून सरजा ओरडली, "हिर्रर्र... हो! हो!"

थेट आईसारखी. बांडी थबकली, कळप फिरला. कासाबाईनं तोंडाला पदर लावला.

मला राहवलं नाही. "वैनी, आई न्हाई, बाबा न्हाई. ही तर मेंढरांची हाळी. ह्याला काय बोलनं म्हनायचं?"

काटा पायात तसाच ठेवून भागुबाई उठली. "भावजी, तिनं सांगितलं, मेंढरं माघारी फिरली. तुमीच तेवढे हुबे ऱ्हायलाव."